हेलियम की हायड्रोजन? आधी माल उतरवायचं गणित मांडा

तुमचे प्रश्न दोन: हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, मग तो दुप्पट उचलत नाही का? आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीची पाती एअरशिपनं, म्हणजे हलक्या वायूवर हवेत तरंगणाऱ्या जहाजानं, नेता येतील का?

दुप्पट नाही उचलत. उचल ठरते ती बाजूला सारलेल्या हवेच्या वजनावर. पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, ३० अंशांना घनमीटरभर हवा साधारण १.०९ किलो भरते. त्यातून वायूचं वजन वजा केलं की हेलियमला ९४० ग्रॅम उरतात, हायड्रोजनला एक किलोच्या जरा वर. फरक आठ टक्क्यांचा. नातीच्या वाढदिवसाला हेलियमचा बारा इंची फुगा आणला, तेव्हा त्याला पुठ्ठा बांधून फुगा अधांतरी राहीपर्यंत मी कात्रीनं कातरत बसलो होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुठ्ठा भरला १० ग्रॅम. सकाळी फुगा फरशीवर, कारण हेलियम रबरातून झिरपतो.

हायड्रोजनचा खरा फायदा हा की तो सोडून देता येतो. इंधन जळेल तसं जहाज हलकं होऊन वर चढू लागतं, वायू सोडावा लागतो. हायड्रोजन पाण्यापासून पुन्हा करता येतो. हेलियम नैसर्गिक वायूच्या विहिरींतून येतो, तो हवेत सोडणं परवडत नाही. म्हणून अमेरिकेच्या ‘अ‍ॅक्रॉन’ या हेलियमच्या जहाजावर जळलेल्या इंधनाचं वजन भरून काढायला इंजिनांच्या धुरातली वाफ थंड करून पाणी साठवत. जर्मनीच्या ‘ग्राफ झेपेलिन’ या जहाजानं तर हवेइतक्याच वजनाचा वायू इंधन म्हणून जाळला, त्यामुळे तो संपला तरी जहाजाचा तोल तसाच राही. ही युक्ती मला आजही थक्क करते.

सुरक्षिततेचं म्हणाल तर हायड्रोजनचं ‘हिंडेनबर्ग’ पेटलं (६ मे १९३७), त्यात ३६ माणसं गेली. १९३० साली कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, निघालेलं हायड्रोजनचंच ‘आर १०१’ फ्रान्समध्ये कोसळून पेटलं, ४८ गेली. पण हेलियमचं ‘अ‍ॅक्रॉन’ १९३३ मध्ये वादळात समुद्रात पडलं, त्यात ७३ गेली. माणसं बसणार असतील तर हेलियमच, यावर मी वाद घालणार नाही. विनाचालक मालवाहू जहाजासाठी मात्र हायड्रोजनचा पुन्हा विचार व्हायलाच हवा.

आता चाळकेवाडी. फ्रान्सची फ्लाइंग व्हेल्स ही कंपनी ६० टन उचलणारं हेलियमचं जहाज आखते आहे, हवेत तरंगत राहून माल उतरवणारं. पातं सुटलं की त्याच क्षणी तेवढ्याच वजनाचं पाणी वर घ्यावं लागेल, नाहीतर जहाज उसळेल. पठारावर उन्हाळ्यात ते पाणी कुठून आणणार? पावसाळ्यात पाणी आहे, पण पवनचक्क्या तिथे उभ्या आहेत त्या वाऱ्यासाठीच, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत जोरात असतो. पावसाळा संपल्यानंतरचे दोन-तीन महिने हाती राहतात. तेवढ्यापुरतं गणित मांडून बघा, मी तपासून देईन.