आवारातले भाषण : ऐकावे, विचारावे की रोखावे?

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे एकाच विषयाची आहेत. उत्तरांत पुनरुक्ती होऊ नये म्हणून ती एकापाठोपाठ देत आहोत.

प्रश्न : मी पुण्यात एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून वसतिगृहात राहते. पुढच्या आठवड्यात एका विद्यार्थी संघटनेने एका नामांकित राजकीय कार्यकर्त्याचे भाषण विद्यापीठाच्या आवारात ठेवले आहे. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत, पण ते काय बोलतात हे प्रत्यक्ष ऐकावे असे वाटते. मैत्रिणी म्हणतात, तिथे दिसलीस की शिक्का बसलाच. एका प्राध्यापकांनी ‘आधी शिक्षण, मग राजकारण’ असे सुनावले. भाषणाला जाणे म्हणजे त्या संघटनेत सामील होणे ठरते का? पोलिसांचा ससेमिरा मागे लागू शकतो का? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : जरूर जा. श्रोता होणे आणि सभासद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदाही त्या वेगळ्याच मानतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्य आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य नोंदवलेले आहे, हे आपण शाळेत पाठ करतो. त्यात ऐकणाऱ्याचाही वाटा आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती देण्याबरोबरच ती मिळवण्याचा हक्कही भाषणस्वातंत्र्यातच मोडतो असे स्पष्ट केले. पुढे २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द करताना न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आणि पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे, ते कितीही अप्रिय असले तरी, घटनेच्या संरक्षणाखाली येते असे म्हटले. बोलणाऱ्याला जिथवर संरक्षण आहे, तिथे नुसत्या ऐकणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण उरत नाही.

तरीही सावधगिरी कुठे बाळगावी ते सांगतो, कारण अडचण भाषणाच्या आत नसून त्याच्या कडेला असते. सभागृहाच्या दारात बहुधा एक टेबल मांडलेले असते आणि त्यावर रेघा ओढलेली वही असते : नाव, अभ्यासक्रम, भ्रमणध्वनी क्रमांक, सही. रांगेत मागून कोणीतरी ‘चला, चला’ म्हणत असते आणि आपण न वाचताच सही करून मोकळे होतो. त्या पानाच्या वरच्या ओळीत ‘उपस्थिती’ असे लिहिले आहे, ‘आमचा पाठिंबा’ असे लिहिले आहे की ‘सदस्य नोंदणी’, हे वाचायला दोन क्षण पुरतात. ते वाचा आणि सही करायची नसेल तर ‘मी फक्त ऐकायला आले आहे’ असे सांगा. सभ्य आयोजक त्यावर हुज्जत घालत नाहीत. हे मी उगाच ताणून सांगत नाही. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली बंदी घातलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वसुद्धा गुन्हा ठरते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आणि २०११ मधली आपलीच उलटी भूमिका रद्द केली. आवारात उघडपणे काम करणाऱ्या विद्यार्थी संघटनांचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही, पण सदस्यत्वाच्या सहीला किती वजन असते ते यावरून कळावे.

दुसरी गोष्ट परवानगीची. कार्यक्रमाला विद्यापीठाची लेखी परवानगी आहे का, हे आयोजकांना विचारण्यात काही वावगे नाही. शहरात अनेकदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे, जमाव आणि मिरवणुकांवर बंधन घालणारे मनाई आदेश लागू असतात. बंदिस्त सभागृहातल्या रीतसर कार्यक्रमाची गोष्ट निराळी, पण आयत्या वेळी सभागृह नाकारले गेले आणि तोच कार्यक्रम फाटकाबाहेर रस्त्यावर भरला, तर परिस्थिती पालटते. शांतता भंगेल अशा जमावाला पांगण्याचा कायदेशीर आदेश दिल्यानंतरही जाणूनबुजून तिथेच थांबणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी तर फक्त बघत उभी होते’ हा बचाव अशा वेळी फार दुबळा पडतो. आदेश झाला की निघावे. तो आदेश योग्य होता की अयोग्य, याचा वाद नंतर घालता येतो.

तुमच्या प्राध्यापकांचा सल्ला मनापासूनचा असेल, पण तो नवा नाही. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये बंगालच्या इंग्रज सरकारने कार्लाइल साहेबाच्या सहीने परिपत्रक काढले आणि स्वदेशीच्या चळवळीत विद्यार्थी दिसले तर शाळा-महाविद्यालयांचे अनुदान बंद करू असे बजावले. त्याचा परिणाम असा झाला की विद्यार्थ्यांनी परिपत्रकविरोधी सभाच स्थापन केली आणि १९०६ मध्ये बंगालच्या नेत्यांनी राष्ट्रीय शिक्षण परिषद उभारली. आजचे जादवपूर विद्यापीठ त्याच परिषदेतून वाढले. त्याच ऑक्टोबरात इकडे पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, टिळक तिथे बोलले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकर नावाच्या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. पदवी परीक्षेला मात्र त्यांना बसता आले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने हे प्रकरण दोन्ही अंगांनी लक्षात ठेवावे : शिस्तीचा बडगा सगळ्यात आधी वसतिगृहातच बसतो आणि तो कृतीवर बसतो. त्यामुळे रात्री परतण्याची वेळ, रेक्टरची परवानगी, प्रात्यक्षिकाची हजेरी यांपैकी कशातही कुणाला बोट ठेवायला जागा ठेवू नका.

शिक्का बसण्याचे म्हणाल, तर तो बसेल. एखाद्या छायाचित्रात तुम्ही दिसाल आणि व्हॉट्सॲपवर कोणीतरी काहीतरी लिहील. त्यावर माझ्याकडे उतारा नाही. वही-पेन घेऊन गेलेला आणि शेवटी उभा राहून एक नेमका प्रश्न विचारणारा श्रोता कोणत्या बाजूचा, हे ठरवणे लोकांना जड जाते, एवढे मात्र खरे. प्रश्न एकाच वाक्याचा असावा. आधी तीन मिनिटे स्वतःचे मत मांडून मग ‘यावर आपले काय म्हणणे?’ असे विचारणारे भाषण करत असतात, आणि ती जागा त्या दिवशी दुसऱ्याची असते.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या सेवेत लिपिक आहे. माझा मुलगा महाविद्यालयात राजकीय वक्त्यांच्या भाषणांना जातो. यामुळे माझ्या नोकरीवर किंवा पुढे त्याच्या पोलीस पडताळणीवर परिणाम होईल का? त्याला थांबवावे का? — एक पालक, लातूर

उत्तर : महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला राजकारणाविषयीचा नियम मुख्यतः तुमच्यासाठी आहे. तुम्ही पक्षाचे सदस्य होऊ नये, प्रचार करू नये, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्या नियमात कुटुंबीयांचाही उल्लेख आहे, पण कायद्याने प्रस्थापित शासन उलथवू पाहणाऱ्या चळवळीत त्यांनी भाग घेऊ नये म्हणून कर्मचाऱ्याने प्रयत्न करावा, एवढ्यापुरताच. महाविद्यालयाच्या परवानगीने झालेले व्याख्यान ऐकणे त्यात बसवायचे म्हटले तर शब्दांची फारच ओढाताण करावी लागेल. शिवाय मुलगा अठरा वर्षांचा झाला असेल, तर १९८९ मध्ये मतदानाचे वय अठरा झाल्यामुळे तो मतदार होऊ शकतो. ज्याला मत द्यायचे आहे त्याने उमेदवारांच्या आणि त्यांच्या टीकाकारांच्या तोंडचे चार शब्द ऐकू नयेत, असे म्हणणे विचित्र होईल.

पडताळणीच्या अर्जात कोणती भाषणे ऐकली हे विचारत नाहीत. गुन्हा दाखल आहे का, अटक झाली होती का, खटला चालू आहे का, हे विचारतात. पारपत्राच्या बाबतीतही १९६७ च्या कायद्यानुसार अडचण येते ती फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या प्रकरणामुळे. आणि समजा, कधी किरकोळ गुन्हा दाखल झालाच, तर तो लपवू नये. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर तपशीलवार मार्गदर्शन केले आहे. त्याचा रोख असा की तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे नियुक्ती करणारा अधिकारी काणाडोळा करू शकतो, मात्र माहिती दडवणे हेच मुळात महागात पडू शकते. मुलाला थांबवण्यापेक्षा हे सांगा.

प्रश्न : मी एका विद्यार्थी संघटनेचा पदाधिकारी आहे. आमच्या विचारांच्या कट्टर विरोधी असलेल्या एका कार्यकर्त्याला आमच्या विद्यापीठात बोलावले आहे. ‘कार्यक्रम रद्द न केल्यास तीव्र आंदोलन छेडू’ असे निवेदन देण्याचे बैठकीत ठरले. मला ते खटकते, पण सहकाऱ्यांना काय सांगावे हे सुचत नाही. — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : सहकाऱ्यांना आधी कायदा सांगा, कारण धमकी चालत नाही हे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. १९८९ मध्ये आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, तसे करणे म्हणजे दंडेलीपुढे मान तुकवणे होय. बोलण्याचा आणि अनर्थाचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट असला पाहिजे, हा त्या निकालातला निकष. वक्त्याने याआधी दोन समाजांत वैर पेटवणारी भाषणे केली असतील तर न्याय संहितेचे कलम १९६ आहे. त्या भाषणांची तारीख, ठिकाण आणि ध्वनिचित्रफीत जोडून तक्रार करा. ‘भावना दुखावतात’ एवढ्यावर भागत नाही.

मग त्यांना काशीची गोष्ट सांगा. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते बसली आणि त्यानिमित्ताने काही दिवस व्याख्याने झाली. दक्षिण आफ्रिकेतून आदल्या वर्षी परतलेले गांधी विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून तिथे बोलायला उभे राहिले. अध्यक्षस्थानी दरभंग्याचे महाराज, व्यासपीठावर रत्नजडित संस्थानिक, समोर विद्यार्थी. आपल्याच देशात आपल्याला परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज वाटते, हे त्यांनी आरंभीच सांगितले. पुढे विश्वनाथाच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतल्या घाणीवर बोट ठेवले, संस्थानिकांच्या दागिन्यांकडे बोट दाखवले आणि व्हाइसरॉयच्या रक्षणासाठी शहरभर पेरलेल्या गुप्त पोलिसांचा विषय काढून ‘मीही अराजकवादीच आहे, पण वेगळ्या जातीचा’ असे म्हटले. तेव्हा ॲनी बेझंट यांनी व्यासपीठावरूनच थांबवण्याची विनंती केली. श्रोते ओरडले, बोलत राहा. गांधींनी अध्यक्षांकडे वळून आज्ञा विचारली. आपले म्हणणे उलगडून सांगा, असे अध्यक्ष म्हणाले. ते बोलू लागले, पुन्हा अडवणूक झाली, संस्थानिक उठून गेले आणि सभा अर्ध्यावरच मोडली.

बेझंट स्वतः होमरूलची मागणी करणाऱ्या होत्या, हे इथे विसरू नये. मागे बसलेला एक इंग्रज, बहुधा गुप्तचर खात्याचा, हे सगळे टिपून वर पाठवले जाणार असे म्हणत होता आणि म्हणून भीतीने आपण मध्ये पडलो, असा खुलासा त्यांनी नंतर केला. हेतू चांगलाच होता. पण थांबवलेल्या भाषणाचे पुढे काय होते ते पाहा. मार्चच्या अखेरीस कोकणातल्या गागोद्यात जन्मलेला आणि बडोद्यात वाढलेला वीस वर्षांचा एक मुलगा, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला असताना सुरतेला उतरून थेट काशीला गेला. तो विनायक नरहर भावे. भाषण होऊन दीड-दोन महिने लोटले होते, तरी शहरात त्याचीच चर्चा चालू होती आणि वर्तमानपत्रांतून वृत्तांत वाचायला मिळत होता. सभेला नसलेल्या त्या तरुणाने गांधींना पत्र लिहून शंका विचारल्या. उत्तर आल्यावर आणखी शंका विचारल्या. तेव्हा गांधींनी, अशा गोष्टी पत्राने सुटत नाहीत, आश्रमात येऊन प्रत्यक्ष भेटा, असे कळवले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात ती भेट झाली आणि विनोबा तिथेच राहिले.

आता तुमच्या सहकाऱ्यांचा हिशेब करू. कार्यक्रम रद्द झाला तर वर्तमानपत्रांत बातमी येईल आणि वक्त्याचे नाव आज ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही ठाऊक होईल. तो काय म्हणणार होता याविषयी त्याचे समर्थक हवे ते सांगतील, कारण ते खोडून काढायला तुमच्याकडे त्याचे एकही वाक्य नसेल. उलट तो बोलला, तर त्याचे प्रत्येक वाक्य तुमच्या हाती येते. सभागृहाबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट न अडवता, फलक घेऊन उभे राहण्याचा हक्क तुम्हालाही आहे. काळ्या फिती लावून आत बसता येते. त्याच सभागृहात पुढच्या आठवड्यात तुमचा वक्ता आणता येतो. ध्वनिक्षेपकाची वायर ओढणे, खुर्च्या अडवून ठेवणे, वक्ता उभा राहिला की घोषणा देत सुटणे, हे मात्र निषेधात मोडत नाही, मग ते कोणत्याही रंगाच्या झेंड्याखाली होवो. असे प्रकार दोन्हीकडून होतात आणि दोन्हीकडच्यांना दुसऱ्याचेच तेवढे आठवतात.

निवेदन द्यायचेच असेल तर त्यातली मागणी बदला. ‘कार्यक्रम रद्द करावा’ या ओळीच्या जागी ‘भाषणानंतर किमान अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा, प्रश्न चिठ्ठीवर न घेता ध्वनिक्षेपकावर विचारू द्यावेत आणि संपूर्ण कार्यक्रमाचे चित्रीकरण विद्यापीठाने करावे’ असे लिहा. चिठ्ठ्यांचा आग्रह धरू नका, कारण नकोशी चिठ्ठी टेबलावरच राहते. आणि निवेदन आदल्या संध्याकाळी कुलगुरूंच्या दालनाबाहेर घोषणा देत देऊ नका. परवानगीचा अर्ज विद्यार्थी विकास मंडळाच्या टेबलावर आहे, अटी अजून लिहिल्या जायच्या आहेत, तेव्हाच ते तिथे पोहोचवा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या.