आईला रोज गाणी ऐकवली तर विसराळूपणा कमी होईल का?

तुमच्या आई खानदेशातल्या, अहिराणी बोलणाऱ्या, ७२ वर्षांच्या आहेत, औषध घेतलं की नाही हे विसरतात, म्हणून तुम्ही दिवसभर मोबाइलवर भजनं लावून ठेवता. त्याने फरक पडेल का, असं विचारलंय.

नुसतं लावून ठेवून नाही. सतत वाजणारं गाणं तासाभरात पंख्याच्या घरघरीसारखं होतं. उलट गॅसवर दूध असताना शब्दांचं गाणं चालू असेल, तर दूध उतू जायची शक्यताच जास्त. हातातलं काम लक्षात ठेवायला लागते तीच जागा शब्द अडवतात.

गाण्याची खरी ताकद जुनं वर काढण्यात. माणसाला दहा ते तीस या वयातलं सगळ्यात पक्कं आठवतं. जन्म १९५३ च्या आसपासचा धरला तर १९६३ ते १९८३ या काळातली गाणी शोधा: तेव्हाची रेडिओवरची सिनेमाची गाणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणायची, श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटाच्या सणाची, जात्यावरच्या ओव्या. आत्ताची डीजेवरची अहिराणी गाणी नकोत; ती तुमच्या आठवणीतली, त्यांच्या नाहीत.

दुपारची झोप झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं समोर बसा. तीन-चार गाणी पुरेत. गाणं एकदा पूर्ण ऐकवा. दुसऱ्यांदा लावलं की ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबवा आणि गप्प राहा. शब्द त्यांच्या तोंडून येऊ द्या. पाच-सात सेकंद लागतील, घाई करून सांगू नका. मग एकच प्रश्न, तोही अहिराणीत. ‘आठवतं का?’ असा नको, ती परीक्षा वाटते. झोका कोणत्या झाडाला बांधायचे, असं विचारा. साल चुकलं, नाव चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. एखाद्या ओवीने डोळ्यांत पाणी आलं तर थांबा, पण ती ओवी यादीतून लगेच काढू नका.

बऱ्याचदा गडबड कानात असते. उतारवयात बारीक सूर आधी जातात आणि ‘स’, ‘श’ नीट कळत नाहीत. खानदेशातल्या उन्हाळ्यात कूलर चालू, त्यात मोबाइलचा चिरका स्पीकर, मग शब्द कळणार कसे? आवाज वाढवला तर तो फाटतो. कूलर तेवढा वेळ बंद ठेवा आणि छोटा ब्लूटूथ स्पीकर तीन फुटांवर ठेवा.

याने मन रमतं, चिडचिड कमी व्हायला आणि बोलणं वाढायला मदत होऊ शकते. कालचं औषध आठवेलच असं नाही, त्याला वारांच्या खणांची गोळ्यांची डबीच हवी. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा आजार) असेल तर तो गाण्याने बरा होत नाही. रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉइड तपासा, कानही दाखवा. या तिन्हींत बिघाड असेल तर विसराळूपणा वाढू शकतो आणि तिन्हींवर इलाज आहे. विसरणं दोन-चार दिवसांत एकदम वाढलं, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर मात्र गाणी राहू द्या, त्याच क्षणी दवाखाना गाठा.