लंडनकरांनी दंगलीनंतर झाडू हातात घेतले, तसं मुंबईत १९९३ साली काही झालं होतं का?

झाडू घेऊन कुणी रस्त्यावर उतरल्याचं मला तरी आठवत नाही. तुम्ही म्हणताय ते ऑगस्ट २०११ चं लंडन मी टीव्हीवर पाहिलं होतं. टॉटनहॅमपासून पेटत गेलेली दंगल, मग क्लॅपहॅम जंक्शनला रस्ते साफ करायला जमलेल्या लोकांचे हवेत उंचावलेले शेकडो झाडू, पेकहॅममध्ये फुटलेल्या दुकानाच्या फळ्यांवर लोकांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या. ते बघताना मला आमच्या इमारतीतली नावांची पाटी आठवली. तेव्हा उत्तर पाटीपासूनच सुरू करतो.

आम्ही माहीमचे. जानेवारी १९९३ मध्ये मी दहावीत होतो. पागडीची तीन मजली इमारत, २१ बिऱ्हाडं, त्यात चार मुसलमानांची आणि दोन ख्रिश्चनांची. जिन्याखाली मोठी लाकडी पाटी होती. प्रत्येक बिऱ्हाडाची काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या रंगात खोलीचा नंबर आणि नाव, दोन्ही टोकांना एकेक स्क्रू.

डिसेंबरात बाबरी पडल्यावर दंगलीची एक फेरी होऊन गेली होती. जानेवारीतली त्याहून वाईट. (दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही मिळून ९०० मृत्यू नोंदवले.) समुद्रातून बोटी भरून माणसं येणार, अशी आवई उठली होती. आमच्या गच्चीवर दगड आणि सोड्याच्या बाटल्या जमा झाल्या, रात्रीचे पहारे लागले. त्या बोटी काही आल्या नाहीत. पण जमाव येतो तो आधी खालची पाटी वाचतो, ही बातमी मात्र आली, आणि ती अफवा नव्हती.

सेक्रेटरीकाका स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली आले. चार पट्ट्या काढून ठेवू म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आजही सांगतो. दुसऱ्या मजल्यावरचे चाचा रत्नागिरीकडचे, घरात कोकणी मराठी बोलणारे. आडनाव दोन्ही धर्मांत सापडणारं. काका त्यांना म्हणाले, "तुमची राहू दे, कुणाला कळणार नाही." चाचा काहीच बोलले नाहीत, नुसते पाटीकडे बघत राहिले. तेवढ्यात माझी आई जिन्यावरून म्हणाली, "अहो, चार जागा रिकाम्या दिसल्या की झालंच की! नाव वाचायची तरी काय गरज?"

आईचं ते बोलणं काही एकात्मतेवरचं भाषण नव्हतं, ती हिशेबाची बाई. पण मग अख्खी पाटीच उतरवली. महिनाभर ती आमच्या खाटेखाली पडून होती. भिंतीवर तिच्या मापाचा पांढरा चौकोन उरला, आणि पोस्टमन ओरडून ओरडून पत्रं वाटायचा.

इथे आमची पाठ थोपटू नका. चारातली दोन कुटुंबं त्या महिन्यात मुंब्र्याला गेली. एक परत आलं. खोली नंबर ११ वाले आलेच नाहीत, खोली मिळेल त्या भावात दिली. "राहा, आम्ही आहोत," असं त्यांना जाऊन कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. बाबांनी टॅक्सी आणून दिली, एवढंच.

पाटी फेब्रुवारीच्या शेवटी परत लागली, ११ नंबरच्या जुन्या नावासकट. आणि १२ मार्चच्या शुक्रवारी दुपारी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. माहीमच्या मच्छीमार वसाहतीतही हातबॉम्ब टाकले होते, म्हणजे आमच्यापासून लांब नाही. संध्याकाळी काका पाटीसमोर येऊन उभे राहिले. या खेपेला हात रिकामे होते. थोडा वेळ उभे राहून वर गेले. पाटी तिथेच राहिली.

त्या दिवशी रक्त द्यायला लोकांनी रुग्णालयांपाशी गर्दी केली हे खरं. तळघरात स्फोट झालेला शेअर बाजार सोमवारी सुरू झाला हेही खरं. 'मुंबई स्पिरिट' म्हणतात ते हेच. रक्तदानाला माझा सलाम. पण सोमवारी कामावर जाणं मला अभिमानाचं फारसं वाटत नाही. ज्याचं हातावर पोट आहे तो जाणारच. घरी बसला तर घरभाडं कोण देणार?

अभिमानाचं काम नंतर झालं आणि ते दिसायला अगदी कंटाळवाणं होतं. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे या मंडळींनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, म्हणजे पोलीस आणि रहिवासी एकत्र बसून बोलतील अशा समित्या. भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने हे आधीच करून दाखवलं होतं. १९७० आणि १९८४ ला पेटलेली भिवंडी १९९२ ला शांत राहिली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी चार धर्मांच्या वेशातल्या चार पोरांचं 'हम सब एक हैं' हे पोस्टर घरोघर पोचवलं. पोलीस विरुद्ध वस्तीतली पोरं असे क्रिकेटचे सामनेही व्हायचे.

बाबांबरोबर मी अशा एका बैठकीला गेलो होतो. मला वाटलं, हिंदू-मुस्लीम भाई-भाई असं काहीतरी ऐकायला मिळेल. दीड तास तुंबलेल्या गटारावर गेला. मग मंडपाचा खांब कुणाच्या दुकानासमोर येतो, भोंग्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं. शेवटी फौजदारसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. तेव्हा मला फुकट वेळ गेल्यासारखं वाटलं. पण पुढे कधी रात्री अफवा उठली की बाबा आणि चाचा चप्पल घालून सरळ चौकीवर जायचे, खरं काय ते विचारून यायचे आणि जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगायचे. ड्युटीवरच्या हवालदाराला दोघांची नावं पाठ होती.

माहीमच्या दर्ग्याच्या उरुसाला पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. त्या उरुसाच्या मिरवणुकीला बाबा आणि चाचा मला बरोबर न्यायचे. मला रस अर्थात जत्रेतल्या पाळण्यात.

आता इमारत टॉवर झाली आहे. लॉबीत इलेक्ट्रॉनिक पडदा आहे, त्यावर फक्त फ्लॅट नंबर, नावं कुणाचीच नाहीत. जुनी पाटी भंगारात निघाली होती, ती चाचांच्या मुलाने उचलून वर नेली. त्याच्या बाल्कनीत तिच्यावर तुळस, कढीपत्ता आणि दोन कोरफडीच्या कुंड्या आहेत. ११ नंबरची पट्टी कढीपत्त्याखाली आहे, कुंडी सरकवली की नाव वाचता येतं.