बाळामुळे हरिपाठ सुटला, काय करू?

प्रश्न: ताई, बाळ अडीच महिन्यांचं आहे. आधी रोज हरिपाठ व्हायचा, आता दिवस पाजण्यात नि लंगोट बदलण्यात जातो, देव दुरावला असं वाटून रडू येतं.

उत्तर: अगं, दुरावला कुठे, मांडीवरच आहे की! आपले वारकरी विठ्ठलाला विठाई म्हणतात, ज्ञानोबांना माउली, देवाचं प्रेम सांगायला त्यांना आईच आठवली ना. आणि बघ, जन्मल्यावर बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच बरं दिसतं, म्हणजे पाजताना तुझा चेहरा असतो तेवढंच, मला तर हे दर्शनच वाटतं. आवाज तर पोटातच ओळखीचा होतो, १९८० साली अमेरिकेत एक प्रयोग झाला त्यात दोन-तीन दिवसांची बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलायची! तेव्हा हरिपाठ पाजतानाच हळू म्हण, ओळी गाळल्यास तरी चालेल. बाबांनाही उघड्या छातीवर घेऊ दे बाळाला, त्यांचंही नातं तिथूनच जुळतं. फक्त रडू रोजच येत असेल, झोप लागत नसेल तर डॉक्टरांना नक्की सांग, बाळंतपणानंतर असं होतं आणि त्यावर उपचार आहेत.