मिरजेत ओपीडी थाटण्याआधी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

ओटीपोटाच्या दुखण्याची स्वतंत्र ओपीडी मिरजेत काढणार म्हणतेस, तर एका पेशंटमागे पाऊण तास धर. जत-अथणीकडून येणाऱ्या बाईच्या फायलीत चार-पाच सोनोग्राफ्या असतात, कधी गर्भाशय काढल्याचा कागदही. दुखणं जिथल्या तिथे. 'बसलं की खाली मिरच्या लागल्यासारखी आग होते' असं ती म्हणाली, की प्युडेंडल नर्व्ह, म्हणजे जननेंद्रियं आणि गुदद्वाराकडची संवेदना नेणारा मज्जातंतू, डोळ्यांपुढे आण. ही नर्व्ह कण्याच्या तळाशी एस-2 ते एस-4 या मुळांमधून निघते, सॅक्रोस्पायनस आणि सॅक्रोट्यूबरस या दोन लिगामेंटच्या मधून इश्चियल स्पाइन या हाडाच्या टोकाला वळसा घालते आणि अल्कॉक कॅनॉल या अरुंद बोगद्यात शिरते. चेपते ती बहुधा याच दोन जागी.

ही नर्व्ह चेपल्याच्या निदानासाठी फ्रान्समधल्या नॉन्त शहराचे 2008 चे निकष पाठच कर: दुखणं याच नर्व्हच्या हद्दीत, बसल्यावर वाढणारं, रात्री झोपेतून न उठवणारं, तपासणीत बधिरपणा नाही, ब्लॉकने (नर्व्हशेजारी भुलीचं इंजेक्शन देऊन) आराम. कमोडवर बसल्यावर बरं वाटतं का, हेही विचारायचं असतं. पण घरी कमोडच नसेल तर काय सांगणार? एसटीच्या बाकावर, मोटरसायकलवर कसं वाटतं ते विचार. दुखण्याने रात्री जाग येत असेल किंवा जागा बधिर असेल, तर आधी सेक्रमचा, म्हणजे कण्याच्या तळच्या हाडाचा, एमआरआय. गाठ सुटता कामा नये.

तपासताना एकच बोट वापर आणि दुखरी जागा शेवटी. लिव्हेटर, ऑब्च्युरेटर इंटर्नस हे ओटीपोटाच्या आतले स्नायू दाबून बघ. स्नायूच आखडलेले असतील तर ते काम फिजिओथेरपिस्टचं. तशी एक तयार कर, नाहीतर ओपीडी चालणारच नाही.

सगळ्यात जास्त घोळ ब्लॉकमध्ये होतो. आधी पेशंटला पंधरा मिनिटं कडक स्टुलावर बसव, दुखणं दहापैकी किती ते लिही. ब्लॉकनंतर बधिरपणा आला का, टोचून पाहा आणि पुन्हा स्टुलावर बसव. जागा बधिर झाली नाही, तर ब्लॉक फसला. त्यावरून काहीच ठरवू नकोस. बधिर होऊनही दुखणं तसंच, तर मूळ दुसरीकडे शोध. आराम पडला तरी नर्व्ह चेपलीच आहे असं सिद्ध होत नाही, कारण ब्लॉकच्या जागेपुढे नर्व्हच्या हद्दीतलं कुठलंही दुखणं त्याने थांबतं.

सुरी शेवटी. आधी फिजिओ, रात्री नर्व्हच्या दुखण्याचं औषध अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत. नर्व्ह सोडवण्याच्या ऑपरेशनच्या 2005 च्या नॉन्तच्या चाचणीत 32 पेशंट होते. वर्षाने ऑपरेशनच्या गटात सुमारे 71 टक्क्यांना फरक पडला, ऑपरेशन न केलेल्या गटात 13. फरक पडला म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे, हे नातेवाइकांसमोर स्पष्ट सांग. नर्व्ह सोडवल्यावरही आराम यायला महिने लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात 'काहीच फरक नाही' म्हणत पेशंट दारात उभी राहते.

मधे भोक असलेली उशी शिंप्याकडून आत्ताच शिवून घे. परत जाताना एसटीत तिला तीच लागेल.

तुझा,
सर