बायकांसाठीचं बक्षीस कमी दर्जाचं असतं का?

प्रश्न : माझी मोठी मुलगी चिपळूणला एसवाय बीएस्सीला आहे, विषय रसायनशास्त्र. तिला पुढे पीएच.डी. करायची आहे. रसायनशास्त्रातल्या स्त्री संशोधकांना मिळणाऱ्या पुरस्कारांची कात्रणं तिने कपाटाच्या दारावर चिकटवली आहेत. तिचे मामा म्हणतात, बीएस्सी झाली की लोट्याच्या एखाद्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला लागू दे, लग्नापर्यंत चार पैसे जमतील. पुतण्या इंजिनीअर आहे. तो म्हणाला, बायकांसाठी वेगळं बक्षीस म्हणजे दुय्यमच, पुरुषांबरोबर टिकत नाहीत म्हणून काढलेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. या बक्षिसांच्या भरवशावर मुलीची सात-आठ वर्षं घालवायची का? धाकटी अकरावी सायन्सला आहे, तिचंही पुढे हेच होणार. – एक आई

उत्तर :

ताई, बक्षिसांच्या भरवशावर कुणीच संशोधनाला जाऊ नये, तुमच्या मुलीनेही नाही. पण पुतण्या जे बोलला ते चुकीचं आहे, आणि मुलगी जेवली नाही म्हणजे ते तिला लागलंय. म्हणून आधी त्याचंच बोलते.

अमेरिकन केमिकल सोसायटीचं गार्व्हन-ओलिन पदक खास स्त्री रसायनशास्त्रज्ञांसाठी आहे. १९३७ मध्ये ते पहिल्यांदा एमा पेरी कार यांना दिलं गेलं. १९६८ मध्ये ते गर्ट्रूड एलियन यांना मिळालं. या बाईंची गोष्ट मुलीला जरूर सांगा, मामांनाही सांगा. १९३७ ला त्या न्यूयॉर्कमध्ये रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. पुढच्या शिक्षणासाठी आर्थिक मदत मिळेना आणि प्रयोगशाळेत बाई नको म्हणून नोकरीही मिळेना. काही काळ एका प्रयोगशाळेत त्यांनी बिनपगारी काम केलं, शाळेत शिकवलं, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी प्रयोग करून एमएस्सी पुरी केली. मग महायुद्धात पुरुष माणसं कमी पडली तेव्हा एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत काम मिळालं. काम काय, तर लोणच्याची आम्लता मोजायची आणि मेयॉनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासायचा. म्हणजे मामा म्हणतात तीच क्यूसीची नोकरी! तिथे शिकण्यासारखं संपलं तशी त्यांनी ती सोडली आणि १९४४ मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर संशोधन सुरू केलं. रक्ताच्या कर्करोगावरचं मर्कॅप्टोप्युरीन त्यातून आलं. युरिक अॅसिड वाढलं की डॉक्टर जी अॅलोप्युरिनॉलची गोळी देतात, तीही याच कामातली. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी ती घेत असेल. पीएच.डी. त्यांना शेवटपर्यंत पुरी करता आली नाही. नोबेल मिळालं १९८८ मध्ये, बायकांसाठीच्या पदकानंतर तब्बल वीस वर्षांनी.

आता पुतण्याला विचारा, १९६८ मध्ये त्यांचं काम दुय्यम होतं आणि १९८८ मध्ये अव्वल झालं का? काम तेच होतं. बायकांच्या पदकाने ते आधी पाहिलं, एवढंच.

हे एकदाच घडलं असंही नाही. लॉरिआल ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आणि युनेस्को मिळून स्त्री वैज्ञानिकांना पुरस्कार देतात. अॅडा योनाथ यांना तो २००८ मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल. इमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०१६ मध्ये तो मिळाला, २०२० मध्ये दोघींना मिळून नोबेल. रसायनशास्त्राचं नोबेल आजवर फक्त आठ स्त्रियांना मिळालंय, त्यातल्या या तिघी.

आपल्याकडचं चित्रही पाहा. विज्ञानातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार स्त्री-पुरुष सर्वांसाठी. रसायनशास्त्रात तो १९६१ मध्ये कोलकात्याच्या असीमा चटर्जी यांना मिळाला. तुमच्या कोकणातल्या सातवीण झाडावर, काडेचिराइतावर त्यांनी काम केलं, हिवतापावरच्या औषधासाठी. त्यांच्यानंतर रसायनशास्त्रात हा पुरस्कार मिळालेली दुसरी स्त्री म्हणजे आयआयटी दिल्लीच्या चारुसीता चक्रवर्ती, साल २००९. मधली अठ्ठेचाळीस वर्षं या देशात चांगलं काम करणाऱ्या बायका नव्हत्या? दर्शन रंगनाथन होत्या. नवरा-बायको दोघांनाही प्राध्यापक म्हणून घ्यायचं नाही, या अलिखित नियमामुळे आयआयटी कानपूरला त्यांना पक्की जागा मिळाली नाही, तरी फेलोशिपवर वर्षानुवर्षं त्या उत्तम संशोधन करत राहिल्या. बायकांचे पुरस्कार वेगळे का काढावे लागले, याचं उत्तर यातच आहे, आणि ते पुतण्याने दिलेल्या उत्तराच्या नेमकं उलट आहे.

पण ताई, कात्रणात पदक घेतानाचा फोटो असतो. माझ्या मते तुमच्या मुलीच्या खरी कामी येणारी गोष्ट त्या फोटोत नसते. पदक मिळतं ते चाळिशी-पन्नाशीत. मुली गळतात त्याच्या कितीतरी आधी, एमएस्सीनंतर, लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणानंतर. तिथे पदक नव्हे, फेलोशिप लागते: हातात पैसे, प्रयोगशाळेत जागा आणि वयाची थोडी सवलत. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात, नियमानुसार घरभाडं वेगळं. जेआरएफच्या वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सूट आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजनेत पीएच.डी. आणि त्यानंतरच्या संशोधनासाठी स्त्रियांना वेगळ्या फेलोशिप आहेत, घरच्या कारणाने खंड पडलेल्यांनाही वाट आहे. सात-आठ वर्षं ‘घालवायची’ असं तुम्ही लिहिलंत, पण जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.च्या वर्षांत ती स्वतःचा खर्च स्वतः भागवेल. मामांशी बोलताना हा आकडा सांगा. धाकटीसाठी लक्षात ठेवा: बारावी सायन्स झालेल्या मुलींसाठी लॉरिआल इंडियाची शिष्यवृत्ती असते. गुणांची आणि उत्पन्नाची अट असते, त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट पाहून घ्या.

आता मोठीचं. तिला पुरस्कार आवडतात की संशोधन, हे आपल्याला अजून कळलेलं नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब पडतो, रंग गुलाबी होतो, जर्नलवर सही मिळते. उत्तर सरांना आधीच माहीत असतं. संशोधनात तसं नसतं. एका रिअॅक्शनमागे दोन दिवस गेल्यावर टीएलसीची प्लेट, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांनी दाखवणारी पट्टी, यूव्ही दिव्याखाली धरायची, तर एक ठिपका हवा तिथे पाच दिसतात. मग ते पदार्थ वेगळे करायला कॉलम लावायचा, दुपारभर उभं राहून टेस्ट ट्यूब बदलायच्या, प्रत्येकीतला थेंब पुन्हा प्लेटवर तपासायचा, आणि शेवटी हाती लागतात ते काही मिलिग्रॅम. हे करताना ‘पाच का आले?’ असा प्रश्न जिला पडतो आणि जेवायची आठवण राहत नाही, तिने पीएच.डी. करावी. जिला फक्त वैताग येतो तिच्यासाठी क्यूसी, पेटंटचं काम, शिक्षकी अशा चांगल्या वाटा आहेत, आणि त्यात कमीपणा नाही.

हे तपासायला दोन महिने पुरतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास असतात आणि एसवायच्या मुलांना करता येतो. निवड झाली नाही तर तिने पुण्याच्या एनसीएल किंवा आयसर, मुंबईच्या आयसीटी अशा संशोधन संस्थांमधल्या प्राध्यापकांना स्वतः ईमेल करावी. ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम इंटरेस्टेड’ अशी शंभर जणांना एकच ईमेल नको. चार-पाच प्राध्यापक निवडून त्यांचा एकेक शोधनिबंध वाचून, त्यातलं काय कळलं आणि काय अडलं ते चार ओळींत लिहावं. अशा ईमेलला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त. टीवायला गेली की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटीत एमएस्सी करायची तर ही परीक्षा हवीच.

एक गोष्ट मी प्रत्येक मुलीला सांगते. कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या बहीण, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर अजमावून पाहण्याच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजची पीएच.डी. झाल्या. त्यांच्या जिद्दीचं आपण कौतुक करतोच, पण बंगळुरूला त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे मन लावून शिकवणारे गाईड मिळाले, हे विसरून चालणार नाही. म्हणून उन्हाळ्यात ती ज्या लॅबमध्ये जाईल तिथल्या पीएच.डी. करणाऱ्या मुलींशी तिने मोकळेपणी बोलावं. सर वेळेवर भेटतात का, पेपरवर नाव देतात का, रात्री उशीर झाला तर होस्टेलला जायची सोय काय, आधीच्या मुलींची पीएच.डी. पुरी झाली का, लग्न-बाळंतपणाच्या वेळी सर कसे वागले? उत्तरं टाळली गेली तर त्या लॅबचं नाव कितीही मोठं असलं तरी दुसरी बघावी.

आणि कात्रणं कपाटावर राहू द्या. फक्त तिला सांगा, त्या प्रत्येकीने नेमकं काय शोधलं ते फोटोखाली दोन ओळींत मराठीत लिही. पुतण्या पुढच्या वेळी आला की त्याला ते वाचून दाखवायला लावा.