शाळा सुटली की पोरं जातात कुठं? पालकांचे प्रश्न, पीटी सरांची उत्तरं

या महिन्यात बरेच प्रश्न आले, सारखे होते ते एकत्र केलेत. मी बावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, डॉक्टर नाही, त्यामुळं जिथं डॉक्टरकडंच जायला पाहिजे तिथं तसं सरळ सांगतोय.

मुलगा चौथीत आहे. व्हॅननं शाळा, चारला घरी, पाच ते सात ट्युशन, मग मोबाईल. वजन ४१ किलो झालंय. जिमला घालू का स्विमिंगला? – एक आई, टिळकवाडी, बेळगाव

ताई, जिम आणि स्विमिंग जरा बाजूला ठेवूया, आधी त्याचा दिवस एका कागदावर लिहून काढा. चौथीतल्या पोराला रोज दोन तास ट्युशन कशाला लागतंय हे मला खरंच कळत नाही, आणि चार ते पाच तो काय करतो ते तुम्ही लिहिलंच नाही, बहुतेक टीव्हीसमोर चहा आणि खारी-टोस्ट चालत असणार, बरोबर ना? जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या पोरांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करायला पाहिजे, आणि आठवड्यातनं तीन दिवस जरा जोराची, म्हणजे पळणं, उड्या मारणं, चढणं. हे सलग तासभरच पाहिजे असं काही नाही, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस, चालतंय. ओळखायचं कसं? खेळताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे.

लेले ग्राउंड, व्हॅक्सिन डेपो तुमच्या जवळच आहे. पहिला आठवडा तुम्ही स्वतः सोबत जा, एकट्याला ढकलू नका, कारण जाड पोरगं मैदानाला नाही, पोरांच्या हसण्याला घाबरतंय. माझ्याकडं असाच एक मुलगा यायचा, सगळ्यांच्या बाटल्या सांभाळत कडेला बसायचा. त्याला मी लगोरीत दगड रचायच्या कामाला लावला. बॉल चुकवत पळत यायचं, खाली बसून दगड रचायचे, झटकन उठून परत पळायचं, एका संध्याकाळी तीस-चाळीस उठाबशा व्हायच्या आणि त्या कुणी मोजल्या पण नाहीत. महिन्यानं तोच पोरांना घरातनं बोलवून आणायला लागला. आणि आमच्या ग्राउंडवर निम्मी पोरं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, लगोरी पडली की सगळी एकाच भाषेत ओरडतात, ते ऐकून मला लई बरं वाटतं.

वजनाचं म्हणाल तर त्याला उपाशी ठेवू नका आणि घरात कुणी "जाड्या" म्हणायचं नाही, आजीनं लाडानं पण नाही. वाढत्या वयात वजन आहे तिथंच राहिलं आणि उंची वाढत गेली तरी गाडी रुळावर येते. मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, पोरांना लावू नका, बालरोगतज्ज्ञांकडं वयाप्रमाणे तक्ता असतो त्यावर बघून घ्या. कोल्ड्रिंक आणि रोजची बेकरी बंद, कुंदा, आपली दुधाची मिठाई, ती सणाला. बाकी घरचं जेवण पोटभर.

मुलगी १३ वर्षांची, शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे. पाळी सुरू झाल्यापासून लवकर दमते, परवा ग्राउंडवर गरगरलं म्हणाली. सासूबाई म्हणतात खेळ बंद करा. – निपाणी

वैनी, खेळ बंद करू नका, आधी रक्त तपासा. या वयात मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर ते कमीच धरायचं, मग डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, ती लोहाचीच असते, पण मळमळतंय म्हणून किती पोरी ती दप्तराच्या कप्प्यात टाकतात ते मी डोळ्यानं बघितलंय. जेवल्यावर घेतली की त्रास कमी होतो. आणि जेवणावर लगेच चहा प्यायची आपल्याकडची सवय मोडा, चहामुळं जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, तासभर तरी जाऊ दे. डाळ-भाजीवर लिंबू पिळा, खात असाल तर अंडी, मटण द्या.

पाळीत खेळल्यानं काही बिघडत नाही. पोट दुखत असलं तर त्या दिवशी थांबायचं का नाही ते तिचं तिला ठरवू दे. पण पाळी सात दिवसांच्या पुढं जात असेल किंवा दर एक-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल तर लेडी डॉक्टरांना दाखवा, आणि पळता पळता शुद्धच गेली असेल तर हृदय तपासल्याशिवाय ग्राउंडवर पाठवू नका. सासूबाईंना एकदा मॅच बघायला घेऊन या, नातीला रेड मारताना बघितलं की त्यांचं मन बदलेल.

नातू ११ वर्षांचा, तालमीत जातो. लोक म्हणतात जोर-बैठकांनी उंची खुंटते. प्रोटीन पावडर पण मागतोय. – आजोबा, येळ्ळूर

आजोबा, उंची खुंटत नाही. उंची आई-बापावर, खाण्यावर आणि झोपेवर असते. वस्ताद समोर असताना स्वतःच्या अंगाच्या वजनावर केलेले जोर-बैठका या वयाला एकदम चांगले. भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची, कुस्तीच्या आधी वजन उतरवायला पोराला पाणी तोडायला लावतात, उपाशी पळवतात, ते अजिबात करू देऊ नका. पावडर नको. अंडी, दूध, भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, डाळ-भात, यात सगळं येतं. आणि एक, तालमीत पोरं एकमेकांचा पंचा वापरतात, त्यातनं गजकर्ण पसरतं. पंचा स्वतःचा, घरी आल्यावर लगेच आंघोळ, गोल खाजरा डाग दिसला तर मेडिकलमधनं मनानं मलम आणू नका, बऱ्याच मलमात स्टेरॉईड असतं, त्यानं ते दबतं आणि मग आणखी पसरतं.

सहा वर्षांची मुलगी रात्री पाय दुखतात म्हणून रडते, सकाळी मात्र उड्या मारते. – चिकोडी

दोन्ही पाय दुखतायत, सकाळी काही नाही, तर बहुतेक वाढत्या वयाचं दुखणं आहे, हलकं चोळा, गरम पाण्यानं शेका. एकाच पायात दुखतंय, लंगडतेय, सूज किंवा ताप आहे, तर वाट बघू नका, डॉक्टर.

जांबोटीकडं पावसात चार महिने बाहेर सोडता येत नाही, काय करायचं?

पडवीत दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, आणि गाणी लावून नाचू द्या की. उघडीप पडली की मात्र लगेच बाहेर, उजेडात खेळणाऱ्या पोरांना चष्मा लागायची शक्यता कमी असते.

यंदा मुलाची एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा. वर्षभर खो-खो बंद करू का? खेळून मिळतंय तरी काय? – वडील, हुक्केरी

बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलेल्या हॉकी टीममध्ये होते, पण दादा, मी मेडलसाठी सांगत नाहीये. खेळून आलेलं पोरगं गाढ झोपतं, आणि झोपेतच अभ्यास डोक्यात पक्का बसतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, रात्री एकपर्यंत जागवून काही उपयोग नाही. लांबच्या स्पर्धा यंदा सोडा म्हणा हवं तर. पण रोज साडेपाच ते सव्वासहा त्याला ग्राउंडवर सोडा, रात्री साडेदहाला पुस्तक मिटायचं, मोबाईल तुमच्या खोलीत चार्जिंगला. भिंतीवर अभ्यासाचं टाइमटेबल लावलंच असेल, त्यात गणिताच्या वरच्या ओळीत खो-खो तुमच्या हातानं लिहा.